रिकाम्या पुंगळीचा पुनर्जन्म

काडतूस म्हटले की मराठी वाचकाला १८५७ आठवते. एन्फील्ड बंदुकीचे ते काडतूस कागदाचे होते. बार उडाला की मागे काही उरत नसे. पुढच्या दहा वर्षांत काडतूस धातूचे झाले आणि प्रत्येक बारानंतर बंदुकीतून एक रिकामी पुंगळी बाहेर पडू लागली. तिचे करायचे काय, या साध्या प्रश्नातून अमेरिकेत एक घरगुती कारागिरी उभी राहिली. तिथे तिला ‘रिलोडिंग’ म्हणतात.

काडतुसाचे घटक चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, दारू आणि गोळी. एका बारात तीन खर्ची पडतात. उरते ती पुंगळी, आणि बहुधा तीच सर्वांत महाग असते. मात्र ती पुन्हा भरता येणे एका छिद्रावर अवलंबून आहे. १८६६ साली दोन प्रकारचे प्रायमर पुढे आले. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या रचनेत ठिणगी आत जाण्यासाठी सहसा दोन बारीक छिद्रे असतात, मध्यापासून बाजूला. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत एकच छिद्र, बरोबर मध्यभागी. त्यातून वरून सळई घातली की जुना प्रायमर सहज निघतो. गंमत अशी, की ब्रिटिश रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन रचना युरोपात. घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत इतका फोफावला, त्यामागे हे मधले छिद्रही आहे.

पहिली घरगुती साधने अडकित्त्याच्या घाटाची होती. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये न्यू हेवन येथे ‘आयडियल’ कंपनी काढून असे हातचिमटे विकले. दुसऱ्या महायुद्धात बाजारात गोळ्या मिळेनात, तेव्हा १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेड हंटिंग्टन यांनी गोळ्या घडवण्याचे डाय बनवले. त्यातून ‘आरसीबीएस’ ही कंपनी उभी राहिली. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी हातात मावेल असा स्वस्त संच काढला.

आज नवशिक्या आधी दाबयंत्र पाहतो. ‘सिंगल स्टेज’ यंत्रात एका वेळी एकच डाय बसतो. पन्नास पुंगळ्या घ्यायच्या, सगळ्यांचे एक काम उरकायचे, मग पुढचे. ‘प्रोग्रेसिव्ह’ यंत्रात अनेक पुंगळ्या एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस तयार होते. तासाला शेकडो. साहजिकच मोह दुसऱ्याचा होतो.

पण खरा प्रश्न वेगाचा नाही. चूक कुठे नजरेस पडेल याचा आहे. ३८ स्पेशल हे काडतूस मूळ काळ्या दारूसाठी बेतलेले. धूरविरहित दारू तेवढीच ताकद फार थोड्या जागेत देते, म्हणून आज ती पुंगळी बरीचशी रिकामी राहते. एकीत चुकून दोनदा दारू पडली, तरी ती सांडत नाही, वर गोळी निमूट बसते, आणि पुढे बंदूक फुटते. उलट दारू पडलीच नाही, तर एकटा प्रायमर गोळी नळीत अडकवून ठेवतो; पुढचा बार तिच्यावर आदळतो. सिंगल स्टेजवर पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या असतात, विजेरीने सगळ्यांत एकदम डोकावता येते. म्हणून जाणकार नवशिक्याला संथ यंत्र सुचवतात.

दुसरे महत्त्वाचे साधन तराजू. इथले वजन ‘ग्रेन’मध्ये. आपल्या गुंजेसारखेच हे मापही बीवरून, जवाच्या दाण्यावरून आले. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम. आणि तराजू त्याचाही दहावा भाग दाखवणारा लागतो. इलेक्ट्रॉनिक काटा झटपट वजन दाखवतो, पण त्याचे आकडे सरकू शकतात. म्हणून पडताळणीची प्रमाणित वजने जवळ ठेवतात. मोजपात्राने दारू भरणाराही अधूनमधून तराजूकडे वळतो.

कॅलिपरही हवाच, कारण बारागणिक पितळ ताणते. लांबलेली पुंगळी कापावी लागते. ते कडकही होत जाते. तांबट भांडे ठोकताना मधूनमधून तापवून मऊ करतो, ते याच कारणाने. मानेला तडा गेलेली पुंगळी मोडीत टाकायची. पुंगळ्या अक्रोडाच्या कवचाच्या भरड्यात घुसळून चकचकीत करतात, तेव्हा प्रायमरमधल्या शिशाची धूळ उडते. हे काम स्वयंपाकघराबाहेर करायचे, नंतर हात धुवायचे.

हा उद्योग आपल्याकडे घरी आला नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, पण तो सरकारी. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना काडतूस बनवणे गुन्हा आहे. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसे भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विक्रीच्या धंद्यासाठी लागतो. तपासनीस नसल्यामुळे तिथला शहाणा छांदिष्ट स्वतःच तपासनीस होतो : दारू उत्पादकाच्या पुस्तिकेतल्या सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात, टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा, आणि प्रत्येक खोक्यावर तारीख, दारूचे नाव व वजन लिहिलेली चिठ्ठी.