चंद्राच्या घड्याळावर चालणारी सहल

विद्यार्थी मित्रांनो, सहल म्हटली की आपण आधी काय ठरवतो? वार, जमण्याची वेळ आणि डब्यात काय न्यायचे ते. पण आपल्या ठाणे जिल्ह्यात एक सहल अशी आहे, की तिची वेळ विद्यार्थी ठरवू शकत नाहीत, शिक्षक ठरवू शकत नाहीत आणि बोट चालवणारेही ठरवू शकत नाहीत. ती वेळ चंद्र ठरवतो. ही सहल म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याची सफर. फ्लेमिंगोला मराठीत रोहित किंवा अग्निपंख असे सुंदर नाव आहे. या लेखात आपण एका दिवसाची ही सहल आखू आणि आखता आखता त्यामागचे विज्ञानही समजून घेऊ.

बेट आणि खाडी

कल्याण-डोंबिवलीहून तुम्ही कितीदा तरी लोकलने ठाण्याला गेला असाल. कळवा सोडले की गाडी एका पुलावरून धडधडत जाते. त्या क्षणी तुम्ही मुख्य भूमी सोडून एका बेटावर पाऊल ठेवत असता, हे कधी ध्यानात आले आहे का? ठाणे शहराचा जुना भाग आणि मुंबईची उपनगरे साष्टी नावाच्या बेटावर वसलेली आहेत. बिबट्यांसाठी प्रसिद्ध असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यानही याच बेटावर आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी खाडीवर पूल बांधून ती कल्याणपर्यंत नेण्यात आली. आगगाडी बेटावरून मुख्य भूमीवर आली ती त्या वर्षी.

बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधले हे खारे पाणी म्हणजे ठाण्याची खाडी. ती सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेस मुंबई बंदराकडे ती चांगली रुंद आहे, तर ठाण्याजवळ अगदी चिंचोळी होते. नकाशात पाहिलेत तर नरसाळ्याचा आकार दिसेल. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग अभयारण्य म्हणून घोषित केला. त्यापैकी जवळजवळ ८९६ हेक्टर कांदळवन आहे आणि उरलेले पाणी व चिखल. १९७१ साली इराणमधील रामसर या गावी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या कराराच्या यादीत २०२२ साली ठाणे खाडीचे नाव दाखल झाले.

वेळ कशी काढायची?

आता सहलीची वेळ काढू. त्यासाठी घरातली दिनदर्शिका पुरेशी आहे. आपले आगरी-कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या एक सोपे गणित वापरत आले आहेत. आजची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल, ती पूर्ण भरतीची वेळ. समजा, माघ वद्य तृतीया आहे. ३ ची पाऊणपट सव्वादोन. म्हणून दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती येईल. त्याआधी सुमारे सव्वासहा तास, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी असेल.

हे गणित जमते कसे? चंद्राच्या ओढीने पृथ्वीवरचे पाणी दोन बाजूंना फुगते: एक फुगवटा चंद्राच्या बाजूला, तर दुसरा त्याच्या विरुद्ध बाजूला. जवळच्या पाण्यावर चंद्राची ओढ पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त असते आणि पलीकडच्या पाण्यावर कमी. ओढीतला हा फरकच भरतीला कारण होतो. म्हणून दिवसातून दोनदा भरती येते. पण पृथ्वीची एक फेरी पूर्ण होईपर्यंत चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे लागतात. म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.

चांद्रमासात तिथी ३० असतात आणि एका मासात भरती एकूण २४ तास मागे पडते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे, अर्थात तासाचे चार पंचमांश. तोंडी हिशेबाला सोपे पडावे म्हणून पाऊणपट धरली, तर तृतीयेला चूक होते फक्त ९ मिनिटांची! मात्र पौर्णिमेपर्यंत ही चूक ४५ मिनिटांवर जाते. शिवाय भरतीचा रोजचा उशीरही नेहमी सारखा नसतो. म्हणून हे गणित अंदाजापुरते घ्यावे. नेमकी वेळ हवी असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, ती पाहावीत. कोष्टक मुंबईच्या अपोलो बंदराचे असेल, तर खाडीत आत पाणी पोचायला थोडा अधिक वेळ लागतो, हे लक्षात ठेवा. उथळ पाण्यात भरतीच्या लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की हा वेग मिळतो. खोली ५ मीटर धरली तर वेग येतो सेकंदाला ७ मीटर, म्हणजे तासाला सुमारे २५ किलोमीटर. २० किलोमीटर आत पोचायला तिला किती वेळ लागेल, ते तुम्हीच काढा.

आपण तृतीया मुद्दाम निवडली. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य व चंद्र एका रेषेत ओढतात. तेव्हा उधाणाची भरती येते आणि मुंबईत भरती-ओहोटीच्या पातळ्यांत ४ मीटरांहून अधिक फरक पडू शकतो. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात ओढतात. तेव्हा फरक बराच कमी होतो. त्याला भांगाची भरती म्हणतात. सूर्य चंद्राच्या २.७ कोटी पट जड आहे. मग भरतीवर त्याचाच अधिकार अधिक का नाही? कारण तो चंद्राच्या सुमारे ३९० पट दूर आहे आणि भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. ३९० चा घन होतो सुमारे ५.९ कोटी. २.७ ला ५.९ ने भागा. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमीच भरतो.

सकाळ: श्वास घेणारा चिखल

तर तृतीयेच्या सकाळी आठच्या सुमारास कळवा-ठाणे पुलावरून जाताना खिडकीतून पाहा. खाडी आटल्यासारखी दिसेल आणि दोन्ही काठांना करडा, चकचकीत चिखल उघडा पडलेला असेल. ठाण्याला उतरून वाशी-नेरूळकडे जाणारी गाडी पकडा आणि ऐरोलीला उतरा. म्हणजे एकाच सकाळी तुम्ही बेटावर जाऊन पुन्हा मुख्य भूमीवर याल. ऐरोलीला शासनाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. बोटीची सफर येथूनच निघते. बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात, म्हणून आधी चौकशी करून जावे.

बोट सुटण्यापूर्वी कांदळवनाजवळ थोडे थांबा. कडाक्याची थंडी व हिमतुषार या झाडांना सोसत नाहीत, म्हणून कांदळवने मुख्यतः उष्ण कटिबंधातच आढळतात. येथे सर्वांत जास्त दिसते ते तिवर. त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून शेकडो पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळे वर आलेली दिसतील. ही श्वसनमुळे. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून ही मुळे हवेत डोकावतात. पण भरतीत तीही बुडतात. मग झाड गुदमरत कसे नाही? १९५५ साली शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळांतील वायू मोजून याचे उत्तर दिले. मूळ पाण्याखाली गेले की आतला प्राणवायू खर्च होत जातो. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो. त्यामुळे मुळातील हवेचा दाब घटतो. ओहोटी लागून मुळांची छिद्रे उघडी पडताच बाहेरची हवा आत ओढली जाते. पिचकारीचा दट्ट्या ओढल्यावर होते, तसेच. दिवसातून दोन भरत्या म्हणजे तिवराचे दोन मोठे श्वास!

खारे पाणी पिण्याचे कोडेही असेच आहे. परासरणाच्या नियमाने समुद्राचे पाणी मुळांतला रसच बाहेर ओढून घेईल. हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २५ पट असतो. कांदळवनातील झाडे पाणी वर खेचताना त्याहून मोठी ओढ निर्माण करतात आणि बहुतेक मीठ मुळाशीच गाळतात. तिवर तर उरलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. पान हाताळून पाहा, बोटाला खारट चव लागेल.

चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतील. हे मासे पाण्याबाहेरही बराच वेळ राहू शकतात. एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडेही दिसतील. पाणी येण्याआधी पोट भरायची सर्वांनाच घाई असते.

बोटीतून: सरकता काठ

पूर्ण ओहोटीला बोट चिखलात रुतते आणि पूर्ण भरतीला चिखल बुडून पक्षी उठून जातात. म्हणून सफरीला मधली वेळ बरी. ओहोटीनंतरच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक भाग चढतो. एकूण फरक ४ मीटरांचा असेल, तर अकराच्या आगेमागे तासाला पूर्ण १ मीटर पाणी चढते. चिखलाचा उतार ५०० मीटरला १ मीटर असा सौम्य धरला, तर पाण्याची कड त्या तासात ५०० मीटर पुढे सरकेल, म्हणजे मिनिटाला ८ मीटरांहून अधिक! खाडीच्या चिखलात एकट्याने उतरू नये, असे वडीलधारे का सांगतात, ते यावरून कळेल.

या सरकत्या काठावरच अग्निपंख चरत असतात. मार्गदर्शक बोटीचे यंत्र बंद करायला सांगतील, तेव्हा अगदी शांत राहा. दुर्बिणीतून नीट पाहिले तर दोन जाती ओळखता येतील. मोठा रोहित उंच, फिका, गुलाबी चोचीचे टोक काळे. छोटा रोहित बुटका, अधिक गुलाबी आणि गडद चोचीचा. दोघेही डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतात. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे हलते, पाणी आत येते आणि चोचीच्या कडांवरील बारीक झालरीतून गाळले जाऊन बाहेर पडते. छोट्याची चाळण फार बारीक असते. तो मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो. मोठ्याची चाळण जाड असते. तो लहान कवचधारी प्राणी व अळ्या टिपतो. म्हणून एकाच चिखलात दोघेही सुखाने नांदतात. ही चोच नुसती चाळण नाही. डोके झटक्याने वर उचलून आणि चोचीची टोके भराभर आपटून हा पक्षी पाण्यात भोवरे निर्माण करतो व भक्ष्य त्यात ओढून घेतो, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्याचा गुलाबी रंगही अन्नातील रंगद्रव्यांतूनच येतो. पिल्ले करड्या रंगाची असतात.

कच्छच्या रणात विणीच्या जागा असलेले हे पक्षी आपल्याकडे चरायला येतात. २०१९च्या गणनेत त्यांची संख्या लाखाच्या वर गेली होती.

पूर्ण भरती: आता जायचे कोठे?

बहुतेक सहली बोटीतून उतरल्यावर संपतात. आपली मात्र संपू देऊ नका. डबा खाऊन पुन्हा गाडीत बसा आणि दुपारी दोनपर्यंत नेरूळला पोचा. आता चंद्राचे घड्याळ भरतीची वेळ दाखवत आहे. सकाळी उघड्या असलेल्या चिखलावर मीटर-दोन मीटर पाणी उभे आहे. छोट्या रोहिताची उंची सुमारे ९० सेंटिमीटर. त्याला पोहता येते, पण तासन् तास पोहत राहिले तर खाल्लेले सारे त्यातच खर्च व्हायचे. त्याला हवी असते उथळ, शांत पाण्याची जागा. ती त्याला नेरूळ परिसरातील डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागांत मिळते. पाणी उतरेपर्यंत एका पायावर उभे राहून, मान पिसांत खुपसून थवेच्या थवे तेथे विसावतात.

मित्रांनो, येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नेरूळच्या या जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. अभयारण्याने पक्ष्यांचे ताट राखले, पण अंथरूण सीमेबाहेरच राहिले. २०२४च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात येणारे भरतीचे पाणी अडले आणि तलाव आटला. त्याच दिवसांत त्या परिसरात काही अग्निपंख मरण पावले. त्यानंतर नागरिकांनी पाठपुरावा केला. २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. तलावात भरतीचे पाणी पोचते की नाही, हे त्याच्या तोंडाशी असलेल्या एखाद्या नळावरही अवलंबून असू शकते. तो बुजला, तर खाडीत कितीही अन्न असले तरी पक्ष्याचा अर्धा दिवस उघड्यावर पडतो. नकाशावरची सीमा माणूस आखतो. पक्ष्यांचे घर मात्र भरती आणि ओहोटी या दोन रेषा मिळून आखतात. एकच रेषा जपून भागत नाही.

एवढे करून पाहा

भरतीचे पाणी वसईच्या बाजूने उल्हास नदीत शिरून कल्याणपर्यंत चढते. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन दुर्गाडीच्या पुलावरून किंवा डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदराच्या काठावरून पाहा. पाण्यात उभा असलेला एखादा खांब निवडा. दर १५ मिनिटांनी पाणी कोठपर्यंत आले, ते वहीत टिपा. पाणी चढायचे थांबले ती तुमच्या गावची पूर्ण भरती. त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट काढा आणि दोन वेळांतला फरक मोजा. असे निदान दहा वेगवेगळ्या तिथींना करा. पावसाळ्यातली निरीक्षणे वेगळी ठेवा, कारण तेव्हा नदीचा पूर मध्ये येतो.

शिक्षकांनी वर्गात या नोंदींचा आलेख काढून घ्यावा. कोळी बांधवांच्या गणितात किती मिनिटे मिळवली म्हणजे ते कल्याणला लागू पडेल, हे त्यावरून सांगता येईल. ते उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकात नाही. ते तुम्हालाच काढायचे आहे.