पहिला सूर ओबोचा का?

सिंफनी ऑर्केस्ट्राची मैफल सुरू होण्यापूर्वी मंचावर ऐंशी-नव्वद वादक बसलेले असतात आणि त्यांतलं एकच वाद्य एक लांब सूर धरतं. ते ओबो. बाकीचे सगळे त्या सुराशी आपापलं वाद्य जुळवून घेतात. पहिल्यांदा आलेल्या श्रोत्याला इथूनच प्रश्न पडायला लागतात. ओबोच का? इतकी व्हायोलिनं कशाला, आणि ट्रम्पेट दोन-तीनच का? समोर काडी घेऊन उभा असलेला माणूस स्वतः काहीच वाजवत नाही, मग तो नेमकं करतो काय? शेजारच्याला विचारायचा संकोच वाटतो, कारण पाश्चात्त्य अभिजात संगीत हा जाणत्यांचा प्रांत, असा आपला समज झालेला आहे. पण यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं ध्वनीच्या भौतिकशास्त्रात आहेत. ती माहीत झाली की ऐकण्यातला आनंदही वाढतो.

ओबो आपल्या सनईच्या कुळातलं. दोन पातळ पट्ट्या एकमेकींलगत बांधून केलेल्या पत्तीतून फुंकर जाते, पट्ट्या थरथरतात आणि नळीतली हवा बोलू लागते. या आवाजात मूळ स्वरासोबत वरचे उपस्वर भरपूर आणि ठसठशीत असतात. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो असाच एक उपस्वर. उपस्वर जोरकस असल्यामुळे ओबोचा आवाज गलबल्यातूनही आरपार जातो. शिवाय तो स्थिर राहतो, आणि अठराव्या शतकापासून हे वाद्य जवळपास प्रत्येक ऑर्केस्ट्रात असायचंच. त्यामुळे सूर देण्याचा मान त्याच्याकडे आला. मंचावर पियानो असेल तर मात्र मान पियानोचा, कारण त्याच्या दोनशेहून अधिक तारा ऐन वेळी कोण जुळवत बसणार!

हा सूर म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा, सेकंदाला ४४० आंदोलनं. पूर्वी युरोपात गावागणिक पट्टी बदलायची आणि एकूण कल पट्टी चढवण्याकडे होता. त्यात गायकांच्या गळ्यांचे हाल व्हायचे. अखेर फ्रान्स सरकारने रोसिनी, बर्लिओझ यांच्यासारख्या संगीतकारांची समिती नेमली आणि १८५९मध्ये ४३५ हा आकडा कायद्याने ठरवला. ४४०वर आंतरराष्ट्रीय एकमत झालं ते १९३९मध्ये, लंडनच्या परिषदेत. आजही युरोपातले अनेक ऑर्केस्ट्रा ४४२ किंवा ४४३वर जुळवतात.

एकदा जुळवलं म्हणजे झालं, असंही नसतं. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. सभागृह तापलं की फुंकवाद्यं चढतात, आणि नेमक्या त्याच वेळी तारा सैल पडून तंतुवाद्यं उतरतात. मध्यंतरानंतर पुन्हा सूर का लावतात, त्याचं हे एक कारण.

माझ्या मते ऑर्केस्ट्रातलं सगळ्यात नवलाचं वाद्य क्लॅरिनेट. त्याची आणि पाश्चात्त्य बासरीची लांबी जवळजवळ सारखीच, साधारण ६६-६७ सेंटिमीटर. तरीही नेहमीच्या क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वर बासरीच्या सर्वांत खालच्या स्वरापेक्षा जवळजवळ एक सप्तक खाली असतो. बासरीची नळी दोन्ही टोकांना उघडी. क्लॅरिनेटचं पत्तीकडचं टोक मात्र ध्वनिलहरीच्या दृष्टीने बंद असतं, त्यामुळे तेवढ्याच नळीत दुप्पट लांबीची लहर मावते. अशा सरळ नळीत मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट असे विषम उपस्वरच जोरात उमटतात. म्हणून बासरीवर फुंकर वाढवली की सा वरून वरचा सा मिळतो, तर क्लॅरिनेटवर वरची पट्टी उघडली की स्वर थेट तार सप्तकातल्या पंचमावर उडी घेतो. खालच्या सप्तकातला तो पोकळ, थोडा गूढ आवाज येतो तोही सम उपस्वर क्षीण असल्यामुळे. ओबोलाही पत्ती आहे, पण त्याची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. त्या आकारामुळे तिथे सगळे उपस्वर हजर असतात आणि वरचा सा-ही मिळतो.

मोझार्टच्या काळात क्लॅरिनेट नवखं होतं. १७८८च्या उन्हाळ्यात त्याने आपली ४०वी सिंफनी लिहिली ती क्लॅरिनेटशिवाय, आणि नंतर दोन क्लॅरिनेटं घालून ओबोचे भाग बदलून घेतले. ही सिंफनी मराठी रसिकाच्या कानांवरून बहुधा आधीच गेलेली आहे: ‘छाया’ (१९६१) या हिंदी चित्रपटात सलील चौधरींनी तिच्या सुरुवातीच्या सुरावटीवरून गाणं बांधलं. तिच्या नावापुढे ‘के. ५५०’ असं दिसलं तर बिचकू नये. मोझार्टच्या रचनांची कालक्रमाने यादी करून ती १८६२मध्ये छापणाऱ्या क्योखेलने दिलेला तो क्रमांक आहे.

आता व्हायोलिनं. दहा व्हायोलिनं एकत्र वाजली तर आवाज दहापट मोठा वाटेल, अशी आपली अपेक्षा. ध्वनीची ऊर्जा दहापट होते हे खरं, पण कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणून मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिल्या फळीतच सोळा व्हायोलिनं लागतात, तर दोन ट्रम्पेट त्या सगळ्यांना पुरून उरतात. शिवाय सोळा वादकांचे सूर केसभर तरी वेगळे असतातच. त्या बारीक फरकांतून जो मऊ, भरदार नाद तयार होतो, तो एकाच व्हायोलिनचा आवाज ध्वनिवर्धकावर कितीही वाढवला तरी मिळत नाही.

व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा राळ लावलेले केस तारेला चिकटून ओढतात, तार सुटते, पुन्हा चिकटते. पांढरी सहा वाजत असताना हे सेकंदाला ४४० वेळा घडतं. हा चिकटण्या-सुटण्याचा खेळ जर्मनीत हेल्महोल्ट्झने दाखवून दिला, आणि त्याचं सविस्तर गणित मांडलं ते कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी, १९१८मध्ये. रामन यांनी व्हायोलिन वाजवणारं यंत्रच बनवलं होतं. त्यात गज स्थिर असे आणि व्हायोलिन पुढे-मागे सरके! प्रकाशाच्या विकिरणावरचा त्यांचा शोध सगळ्यांना ठाऊक असतो. हे काम मात्र उगाच मागे पडलं.

चर्मवाद्यांवरही त्यांनी १९२०मध्ये लिहिलं. नुसत्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत, त्यामुळे नेमका सूर लागत नाही. तबल्याने यावर शाईचा उपाय शोधला. ऑर्केस्ट्रातल्या टिंपनीने वेगळी वाट धरली: तिचं मोठं कातडं हालताना भोवतालची हवाही हलवतं, आणि त्या हवेच्या भाराने मुख्य उपस्वर सुरेल प्रमाणांच्या जवळ येतात. माझ्या लेखी तबल्याचा उपाय अधिक बुद्धीचा आहे.

राहिला संचालक. टिंपनीवाला आणि पुढचे व्हायोलिनवादक यांच्यात वीस मीटर अंतर असेल, तर आवाज पोहोचायला सुमारे सहा शतांश सेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चौगुन चालू असेल, तर दोन स्वरांमध्ये जेमतेम साडेबारा शतांश सेकंद असतात. म्हणजे कानावर विसंबून वाजवणारा अर्ध्या स्वराने मागे पडणार. आपल्या बैठकीत तबलजी गायकाच्या हाताशी बसतो, तिथे ही अडचण येत नाही. मोठ्या मंचावर मात्र डोळ्यांनी लय धरावी लागते आणि ती एकाच्याच हातात असावी लागते. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये संगीतकार ल्यूली जाड काठी जमिनीवर आपटून ताल देत असे. १६८७मध्ये ती त्याच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि त्यात तो गेला. आजची काडी आवाज करत नाही, फक्त दिसते. आणि लय राखणं ही संचालकाच्या कामाची निव्वळ सुरुवात. कोणत्या वाद्याने किती पुढे यावं आणि वाक्य कुठे श्वास घेईल, हे तालमीत तोच ठरवतो.

हे सगळं ऐकायला परदेशी जायची गरज नाही. मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५मध्येच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद घडवले; अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच, आणि प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. जमेल तेव्हा एकदा प्रत्यक्ष जाऊन ऐका. शक्यतो वरच्या सज्जात बसा, म्हणजे कोणतं वाद्य कधी बोलतं ते दिसेल. आणि टाळी कधी वाजवायची याचा धसका नको: १७७८मध्ये पॅरिसमध्ये मोझार्टच्या सिंफनीला वाजवणं चालू असतानाच टाळ्या पडल्या होत्या, आणि वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने ते आनंदाने कळवलं. आजचा रिवाज पाळायचा असेल तर संचालकाचे दोन्ही हात खाली येऊन तो श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबा.