वाफेच्या इंजिनाच्या आठवणी : त्यांचे मोल काय?

वाफेच्या इंजिनाचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक, रेल्वेचे शौकीन. इंजिनाचा वर्ग, क्रमांक, चाकांची मांडणी, ते कोणत्या कारखान्यात कोणत्या साली बनले, हे सारे त्यांना मुखोद्गत असते. दुसरे, त्या इंजिनावर उभे राहून ज्यांनी आयुष्य काढले ते निवृत्त ड्रायव्हर, फायरमन आणि शेडमधले फिटर. त्यांना सन सांगता येईलच असे नाही. पण अमुक चढावर इंजिन कसे वागे आणि वाफ पडू लागली की काय करावे लागे, हे त्यांना आजही ठाऊक असते. हे दोघे एका ठिकाणी बसले की गप्पा रंगतात, आणि ऐकणारा म्हणतो, 'गेले ते दिवस!' आजच्या विवेचनाचा हेतू एवढाच आहे, की या गप्पांकडे केवळ गतकाळाचे उसासे म्हणून पाहू नये. त्यांत एक विद्या आहे, आणि ती पुस्तकात पुरतेपणी कोठेही उतरलेली नाही.

कोराडीच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडताना एक सोय आहे. कोळसा जाळून वाफ करणे आणि त्या वाफेकडून काम करून घेणे, हा येथल्या हजारो घरांचा चरितार्थच आहे. शिवाय नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा अडीच फुटी रूळमार्ग कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर या गावांवरूनच जात असे. बंगाल नागपूर रेल्वेने सातपुड्याच्या मुलुखात विसाव्या शतकाच्या आरंभी जे अरुंदमापी जाळे विणले, त्यातलाच हा एक धागा. 2015 साली तो रुंदीकरणासाठी बंद झाला, आणि आज त्या मार्गावर रुंद रूळ आहेत. नागपुरात मोतीबाग येथे 2002 साली अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय उघडले. इंजिन पाहायचे असेल तर तेथे पाहता येते. पण थंड पडलेले इंजिन पाहून इंजिन चालवणे म्हणजे काय हे कळत नाही. ते कसे, हे समजण्यासाठी प्रथम यंत्राकडे वळू.

पाण्याची वाफ झाली की साध्या हवेच्या दाबाखाली ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. तिला कोंडले की दाब वाढतो. स्वातंत्र्याच्या साली, म्हणजे 1947 मध्ये, भारतात आलेली डब्ल्यूपी वर्गाची इंजिने अनेकांना आठवत असतील. पुढचा भाग गोळीच्या टोकासारखा निमुळता, त्यावर बहुधा चांदणी रंगवलेली. त्यांच्या बॉयलरात दर चौरस इंचाला 210 पौंड दाब असे. ही वाफ सिलिंडरात शिरते, दट्ट्याला ढकलते आणि चाक फिरते. येथवर शाळेतल्या पुस्तकातही असते.

खरी गंमत पुढे आहे. काम करून दमलेली वाफ बाहेर टाकायची, तर ती कोठेही सोडून चालत नाही. ती धुराड्यातूनच जोराने वर सोडतात. त्या झोताबरोबर पेटीतला धूर ओढला जातो, आणि धुराची जागा घ्यायला जाळीखालून ताजी हवा विस्तवात शिरते. म्हणजे इंजिन जितके जोरात ओढील तितका विस्तव आपोआप भडकतो. लहानपणी आपण ज्याला 'छुक छुक' म्हणत होतो तो आवाज याच झोताचा. दोन सिलिंडर, प्रत्येकात दट्ट्या दोन्ही बाजूंनी ढकललेला. म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. डब्ल्यूपीच्या मोठ्या चाकाचा व्यास 1.705 मीटर होता, म्हणजे घेर सुमारे 5.36 मीटर. ताशी 18 किलोमीटर वेगाने गाडी निघाली की सेकंदाला चारच्या आसपास ठोके पडत आणि ते मोजता येत. ताशी 72 किलोमीटरला ते जवळजवळ पंधरा होत, आणि कानाला एकच सलग घोष ऐकू येई.

आपल्याला जो आवाज गाण्यासारखा वाटे, तोच ड्रायव्हरला वैद्याच्या नाडीसारखा होता. चार ठोके सारखे पडत नसतील, एक जड आणि एक हलका पडत असेल, तर वाफ आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांची जुळणी बिघडली आहे हे तो ओळखी, आणि शेडमध्ये परतल्यावर दुरुस्तीच्या वहीत तशी नोंद करी. इंजिनावर हे सांगणारे घड्याळ नव्हते. कान हेच घड्याळ होते.

फायरमनचे काम म्हणजे फावड्याने कोळसा भिरकावणे, असा समज आहे. तोही अपुरा. एकदम ढीग टाकला तर विस्तव गुदमरतो आणि काळा धूर निघतो. काळा धूर म्हणजे न जळता वाया गेलेला कोळसा. म्हणून थोडा थोडा, वारंवार, आणि जाळीवर जेथे भगदाड पडले असेल तेथेच नेमका टाकायचा. हे सारे हलत्या पायथळावर उभे राहून, डोळे दिपवणाऱ्या उजेडात. धुराड्यातून फिकट करडा धूर निघत असला की समजावे, हात बसला. आपल्याकडच्या कोळशात राख फार. ती वितळून जाळीवर तिच्या खंगरांचे थर बसत, हवा अडे, वाफ पडे. मग लांब सळईने ते फोडावे लागत. कोणत्या खाणीच्या कोळशाला कसे वागवावे, हे फायरमन हाताने शिके, आणि हातानेच पुढच्याला शिकवी.

पाण्याचे आणखी एक उदाहरण देतो, कारण तेथे प्राणाशी गाठ असे. विस्तवाच्या पेटीच्या छतावर नेहमी पाणी असलेच पाहिजे. ते उघडे पडले तर लोखंड मऊ होते आणि बॉयलर फुटू शकतो. त्यासाठी छतात शिशाचा बूच बसवलेला असे. पाणी उतरले की तो वितळे, आणि वाफ विस्तवावर सुटून इशारा मिळे. परंतु काचेच्या नळीत दिसणारी पाण्याची पातळी चढ-उतारावर फसवते. इंजिन चढत असताना पाणी मागे, पेटीकडे येते आणि नळी भरलेली दिसते. माथा ओलांडून इंजिनाचे नाक खाली झुकले की तेच पाणी पुढे धावते आणि पेटीचे छत उघडे पडण्याचा धोका उभा राहतो. नागपूरपेक्षा छिंदवाडा सुमारे साडेतीनशे मीटर उंच आहे. सौंसर मागे टाकल्यावर सातपुडा चढावाच लागतो. अशा मार्गावर माथा येण्यापूर्वी किती पाणी भरून ठेवायचे, आणि ते थंड पाणी भरताना वाफ पडू द्यायची नाही, हा हिशेब ड्रायव्हर व फायरमन दोघांनी मिळून, न बोलता करायचा असे. नियमाच्या पुस्तकात 'पाणी पुरेसे ठेवावे' एवढेच लिहिता येते. कोठल्या वळणापाशी भरायला लागायचे, हे माणसाच्या स्मरणातच असते.

आता याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. वाफेचे इंजिन उधळे होते. कोळशातल्या उष्णतेच्या शंभर भागांपैकी जेमतेम सहा-सात भाग गाडी ओढण्याच्या कामी येत. बाकी धुराड्यावाटे आणि वाफेबरोबर आकाशात. कोराडीत 2015 ते 2017 या काळात सुरू झालेल्या 660 मेगावॅटच्या तीन संचांत वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 225 किलोग्रॅमच्याही वर असतो. डब्ल्यूपीच्या बॉयलरात तो पंधराच्या आसपास होता. अशा संचांत उष्णतेच्या शंभर भागांतले चाळीसच्या आसपास भाग कामी येतात. तेव्हा डिझेल आणि वीज आल्यावर वाफेचे इंजिन मागे पडले यात अन्याय काहीच नाही. चित्तरंजनच्या कारखान्यात 1950 साली पहिले इंजिन तयार झाले, 1972 साली तेथील शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले, आणि 1995 च्या डिसेंबरात रुंदमापी मार्गावरची वाफेची नियमित वाहतूक संपली. आपल्या विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूरच्या 'शकुंतले'वर मँचेस्टरला 1921 साली बनलेले इंजिन 1994 पर्यंत धावत होते. सत्तर वर्षे एक यंत्र चालते ठेवणे, यात ते बनवणाऱ्याइतकेच ते सांभाळणाऱ्याचेही कौतुक आहे.

आणि त्या सांभाळणाऱ्याचे जिणे सुखाचे नव्हते. पुढून आग, पाठीमागून वारा, डोळ्यांत कोळशाचे कण. रात्री-बेरात्री दारावर 'कॉलबॉय'ची हाक येई, त्याच्या वहीत सही करायची आणि पेटी उचलून निघायचे. परत कधी येणार हे घरच्यांना सांगता येत नसे. कामाचे तास हा या लोकांचा जुना सल होता, आणि 8 मे 1974 रोजी सुरू झालेल्या देशव्यापी रेल्वे संपात आठ तासांच्या कामाची मागणी अग्रभागी होती. शौकिनांच्या आठवणींत वाफेचा शुभ्र ढग असतो. कामगाराच्या आठवणींत त्या ढगाची किंमतही असते. दोन्ही एकत्र आल्याखेरीज चित्र पुरे होत नाही.

म्हणूनच या दोघांनी एकमेकांना धरून राहावे. आठवण सनावळीत चुकते, एका इंजिनाचा प्रसंग दुसऱ्याला चिकटवते; तेथे शौकिनाजवळची वेळापत्रके, छायाचित्रे आणि याद्या उपयोगी पडतात. उलट छायाचित्रात जे दिसत नाही ते कामगार सांगतो. विचारण्याचीही एक रीत आहे. 'तुमच्या आठवणी सांगा' म्हटले की माणूस गोंधळतो. त्यापेक्षा 'शेडमध्ये हजेरी लावल्यापासून घरी पोचेपर्यंतची एक फेरी सांगा' असे म्हणावे. प्रत्येक अवजाराला ते लोक काय म्हणत, ते त्यांच्याच शब्दांत टिपावे. फावडे धरून दाखवायला सांगावे. हात जे सांगतो ते तोंडाला पुष्कळदा सांगता येत नाही. आणि घरातल्या बाईमाणसांनाही विचारावे, कारण कॉलबॉयची हाक त्यांनीही ऐकली आहे.

याला वेळ फार उरलेला नाही. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 साली उघडले. हरियाणातील रेवाडीच्या जुन्या शेडमध्ये आजही काही इंजिने जिवंत वाफेवर ठेवली आहेत. लोखंड टिकते, तुटले तर पुन्हा घडवताही येते. पण 1980 साली पस्तीस वर्षांचा असलेला, हात पुरता बसलेला ड्रायव्हर आज ऐंशीच्या घरात आहे.

आणि ही गोष्ट केवळ रेल्वेची नव्हे. कोराडीच्या वीजकेंद्राचा पहिला संच 1974 साली सुरू झाला. ते पहिले चारही संच आता बंद झाले आहेत. त्या बॉयलरांचा आवाज ज्यांच्या कानांत आहे, तीही माणसे निवृत्त होऊन याच गावात आणि आसपास राहतात. इंजिनाच्या ड्रायव्हरला जे विचारायचे, तेच त्यांनाही विचारता येईल. त्यासाठी एक वही पुरे, आणि शेजारच्या घरापर्यंत जाण्याचे कष्ट.