ठोकताळ्यावर किती विसंबावे?

पिंपळे सौदागरच्या श्रोत्यांना भोसरीचे कारखाने दूरचे नाहीत. समजा, तेथे दोन लेथयंत्रे आहेत आणि कामे ५ : ३ तासांची दोन, २ तासांची तीन. मुकादमाचा ठोकताळा असा की, मोठे काम आधी घ्यावे व जे यंत्र आधी मोकळे होईल त्यावर लावावे. या रीतीने एक यंत्र ७ तास चालते, दुसरे ५. वास्तविक मोठी दोन्ही एकीकडे व लहान तिन्ही दुसरीकडे लावली, तर ६ तासांतच सुटी!

मग सर्व मांडण्या तपासाव्यात काय? ५ कामांच्या मांडण्या १६. परंतु ४० कामांच्या सुमारे ५५ हजार कोटी. तेथे ठोकताळ्यावाचून गत्यंतर नाही. मात्र तो जास्तीत जास्त किती चुकेल, हे सांगता येते. रोनाल्ड ग्रॅहॅम यांनी १९६९ साली सिद्ध केले की, दोन यंत्रांवर ही रीत उत्तम वेळेपेक्षा एक-षष्ठांशाहून जास्त वेळ कधीच खात नाही. नरेंद्र करमरकर व रिचर्ड कार्प यांची १९८२ ची फरकाची रीत पुष्कळदा सरस ठरते. पण आपल्या ५ कामांत तीही ७ तासच देते.

तेव्हा कामे मोजकी असतील तर सर्व मांडण्या तपासाव्यात. पुष्कळ असतील तर ठोकताळा घ्यावा, पण त्याची हमी विचारून. हा आग्रह आम्ही धरतो, कारण तो जादा तास अखेर यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगावर पडतो.