परमुलखातील दाढ आणि तिचा खर्च

२०२५ च्या आश्विन महिन्यात तिगावची एक माउली आमच्याकडे आली. तिच्या हाती मुलाचा फोन होता आणि फोनवर जर्मन भाषेतील एका कागदाचे छायाचित्र. तिची कन्या परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी वर्षभरापूर्वी जर्मनीतील कोलोन शहरी गेली आहे. तिथे तिची खालची दाढ मोडली. दंतवैद्याने रूट कॅनल करून दाढ वाचविली खरी, परंतु वर कॅप बसविणे भाग होते, आणि तिच्यापायी मुलीने भरावयाचा आकडा सहाशे युरोंहून थोडा अधिक होता. तेव्हा युरो शंभर रुपयांच्या घरात होता. म्हणजे हिशेब साठ हजारांवर गेला.

"फादर, एका दाताले एवढा पैसा लागते काय?" माउलीने विचारले. आंबिया बहाराची संत्री अजून झाडावर होती. बाग आधीच व्यापाऱ्यास उक्ती देऊन टाकावी आणि पैसा पाठवावा, असा तिच्या घरात विचार चालला होता. घाईने उक्ती दिलेल्या बागेचे काय होते, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

आम्ही तिला दोन दिवस थांबावयास सांगितले. याचे कारण आमचाही एक जुना अनुभव होता.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही अध्ययनासाठी रोम नगरीत असताना ऐन उपवासकाळात आमची अक्कलदाढ उठली. भाषा नुकतीच कानावर पडू लागलेली, खिशात शिष्यवृत्तीचे मोजके पैसे. कोणा एकाने सांगितले म्हणून जवळच्याच एका खाजगी दंतवैद्याकडे गेलो, खुर्चीत बसलो, आणि किंमत विचारण्याचे धैर्य झाले नाही. उठलो तेव्हा दाढ गेली होती आणि दोन महिन्यांचा खर्चही गेला होता. त्या गृहस्थांचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी काही लपविले असेही नाही, आम्हीच विचारले नाही. पुढे २०१७ च्या कायद्याने इटलीत व्यावसायिकाने खर्चाचा अंदाज आधी लेखी देणे बंधनकारक झाले. आमच्या वेळी तो असता तर बरे झाले असते, परंतु भिडस्त मनुष्यास कायदा किती वाचवील, ही शंका आहेच.

दु:ख याचे की, त्याच नगरीत ईस्टमन यांच्या नावाचे दातांचे सार्वजनिक इस्पितळ आहे, हे आम्हास नंतर कळले. कोडॅक कॅमेरा घरोघर नेणारे अमेरिकेचे जॉर्ज ईस्टमन यांनी मुलांच्या दातांसाठी युरोपात अनेक दवाखान्यांना देणग्या दिल्या. लंडनचा १९३१ साली उघडला, रोमचा १९३३ साली, स्टॉकहोमचा १९३६ साली. इटलीची सरकारी आरोग्यसेवा इतर आजारांत उदार आहे. दातांच्या बाबतीत मात्र तिचा हात मुख्यत: चौदा वर्षांपर्यंतची मुले व दुर्बळ लोक यांच्यापर्यंतच पोचतो. परंतु असह्य दुखण्यात सार्वजनिक इस्पितळाचे दार आधी ठोठवावे, एवढे तरी आम्हास ठाऊक असावयास हवे होते. संत अपोलोनियेचा धावा मात्र आम्ही पुष्कळ केला. इ.स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया नगरीत जमावाने जिचे दात पाडले ती ही साध्वी. दातांचे दुखणेकरी तिलाच हाक मारतात, आणि तिचा सण ९ फेब्रुवारीस येतो.

असो. कोलोनच्या कागदाकडे वळू.

जर्मन आम्हास फारशी येत नाही. तिकडे पुष्कळ वर्षे परिचारिका असलेल्या एका धर्मभगिनीने फोनवर ओळ न् ओळ समजावून दिली. जर्मनीत असे शिक्षण घेणारा प्रत्येक जण आजारविम्याच्या मंडळात असतोच. तेथे त्यास क्रांकनकासे म्हणतात. पगारातून दरमहा त्याची वर्गणी कापली जाते. दात काढणे, साधे सिमेंट भरणे, वाचण्याजोग्या दाढेचे रूट कॅनल, यांचा खर्च ते मंडळ देते. पारा मिसळलेले काळे सिमेंट युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले आहे, तरी त्याऐवजी साधे सिमेंट विनामूल्य मिळते. महागडे हवे असल्यास वरचा पैसा रुग्णाचा, आणि तोही त्याने लेखी संमती दिल्यावरच.

कॅप, ब्रिज व कवळी यांचा नियम निराळा. दंतवैद्य आधी उपचाराची व खर्चाची योजना लिहून देतो. त्या कागदाचे पैसे पडत नाहीत. मंडळाची मंजुरी आल्यावाचून कामास हात लावावयाचा नाही. मंडळ त्या दुखण्यास ठरलेल्या साध्या उपचाराच्या खर्चाचे ६० टक्के देते. पाच वर्षे सलग दरवर्षी दात दाखवून एका छोट्या वहीत त्याची नोंद करून घेतली असेल तर ७० टक्के, आणि दहा वर्षांची नोंद असेल तर ७५ टक्के.

येथेच गोम होती. मागच्या दाढेसाठी तिथे ठरलेला साधा उपचार म्हणजे पूर्ण धातूची कॅप. मुलीच्या कागदावर दातासारख्या पांढऱ्या चिनी मातीची कॅप लिहिलेली होती. दंतवैद्याने विचारले तेव्हा मुलगी "हो" म्हणाली, कारण प्रश्न तिला नीट कळला नव्हता आणि नाही म्हणणे तिला उद्धट वाटले. आम्हास आमचीच रोममधील खुर्ची आठवली.

दुसरी गोष्ट याहून मोठी. ज्याचे उत्पन्न तुटपुंजे आहे त्यास साध्या उपचाराचा सगळाच खर्च मंडळ देते. एकट्या माणसासाठी २०२५ साली ही मर्यादा दरमहा १,४९८ युरो होती. शिकाऊ परिचारिकेस सार्वजनिक इस्पितळात पहिल्या वर्षी कापाकापीपूर्वी मिळत ते १,४०० युरोंच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आत. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो, पगाराचे कागद जोडावे लागतात, आणि हे सारे उपचाराआधी. न मागणाऱ्यास हे आपणहून कोणी सांगेलच असे नाही.

मुलीस सल्ला मिळाला होता की, हंगेरीत जा, तिथे स्वस्त पडते. ते खरे आहे. ऑस्ट्रियाच्या सीमेवरील शोप्रोन या गावी परदेशी लोक दातांसाठीच जात असतात. परंतु कोलोनहून जाण्यायेण्याचे भाडे, रजा, आणि कॅप सैल झाली तर पुन्हा तोच प्रवास, हे धरले तर एका दाढेसाठी तो हिशेब जुळत नाही.

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातून परदेशी जावयास निघालेल्या मुलामुलींच्या आईबापांस आमचे सांगणे आहे की, पारपत्राच्या धावपळीत एक दिवस दातांसाठी काढावा. तिगावच्या स्टेशनावरून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. तिथे १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. किडलेला दात तिथेच उरकून घ्यावा आणि केलेल्या उपचाराचा कागद जपून बरोबर द्यावा. या मुलीची दाढ घरी असतानाच अधूनमधून दुखत असे, लवंग धरून दिवस काढले होते, हे माउलीने मागाहून सांगितले.

मुलीने दंतवैद्याकडे जाऊन योजना बदलून घेतली. याही वेळी ती भीत होती, म्हणून धर्मभगिनी सोबत गेली. दंतवैद्य मुळीच रागावला नाही, त्याने निमूटपणे दुसरा कागद लिहून दिला. मंडळाची मंजुरी तीन आठवड्यांनी आली. दाढेवर आता धातूची कॅप आहे आणि मुलीचे काही पडले नाही. हसताना ती दिसते का, असे माउलीने विचारले तेव्हा मुलीने फोनवर तोंड उघडून दाखविले. फार मोठे उघडले तरच दिसते. नोंदीच्या वहीत पहिल्या वर्षाचा शिक्काही पडला आहे.

बाग उक्ती दिली नाही. संत्री कार्तिकात तोडली, आणि त्या पैशातून विहिरीवरची जळलेली मोटर बदलली.