लाल ओळींचा अर्थ : पॅकेजांमधील तिढा

प्रोग्रामिंग शिकू लागलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडवणूक पुष्कळदा भाषेचे व्याकरण करीत नाही. ती होते पॅकेजे बसविताना. पडद्यावर लाल ओळी उमटतात आणि आपलेच काही चुकले असे समजून तो मागे सरतो. घरात संगणक जाणणारे दुसरे कोणी नसेल, तर ही समजूत अधिकच घट्ट होते. वास्तविक बहुतेक वेळा त्याचा काहीच दोष नसतो. म्हणून हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

आजचा प्रोग्राम इतरांनी लिहिलेल्या पॅकेजांवर उभा असतो, ती पॅकेजे आणखी काहींवर. ही साखळी जुळवून देणारे साधन म्हणजे पॅकेज मॅनेजर. पायथॉनमध्ये त्याचे नाव पिप. आपल्याला कोणाची कोणती आवृत्ती चालेल, हे प्रत्येक पॅकेज सांगत असते. दोघांच्या अटी एकत्र नांदेनात, की तिढा पडतो.

नमपाय हे गणिती पॅकेज याचे ठळक उदाहरण. २००६ साली त्याची १.० आवृत्ती आली आणि २.० थेट जून २०२४ मध्ये. जुन्या नमपायवर संकलित झालेली अनेक पॅकेजे नव्याबरोबर चालेनात, म्हणून त्यांच्या कर्त्यांनी ‘२ च्या खालचेच हवे’ अशी अट घातली. आता दुसऱ्या पॅकेजाने २ किंवा त्यापुढचे मागितले, तर? पायथॉनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये नमपायची एकच आवृत्ती राहू शकते. तेथे पिपचाही नाइलाज होतो. (जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये मात्र दोन आवृत्त्या सहसा एकत्र नांदतात, जागा तेवढी जास्त लागते.)

नोव्हेंबर २०२० मधील २०.३ आवृत्तीपूर्वी पिप आधी सापडलेली अट पाळून पुढे जाई. बिघाड उघडकीस येई तो प्रोग्राम चालविताना. आता तो मागे फिरून इतर आवृत्त्या तपासतो आणि मेळ बसला नाही तर नकार देतो. हा नकार आम्हांस उपकारकच वाटतो.

त्या लाल ओळींत कोणी काय मागितले, हे नावानिशी लिहिलेले असते. वरची मर्यादा घालणाऱ्या पॅकेजाची नवी आवृत्ती आली आहे का, ते प्रथम पाहावे. बहुधा तीत मर्यादा उठलेली असते. नसेल तर दुसऱ्याची जुनी आवृत्ती घ्यावी. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट द्यावे, आणि जुळणी साधली की त्या आवृत्त्यांचे नेमके आकडे फाइलमध्ये नोंदवून ती फाइल सहकाऱ्यांना द्यावी.