तंतु-तरंगमार्गदर्शक युग्मन
प्रकाशीय तंतूतील प्रकाश सिलिकॉन चिपवरील सूक्ष्म तरंगमार्गदर्शकात कमीत कमी हानीने नेण्याची क्रिया. १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीला दूरसंदेशवहनाच्या नेहमीच्या तंतूतील प्रकाशक्षेत्राचा व्यास सु. १० मायक्रोमीटर असतो. मार्गदर्शकाची रुंदी मात्र सु. ०·५ व जाडी ०·२२ मायक्रोमीटर असते. त्यामुळे दोन्ही नुसते टोकाला टोक भिडविल्यास बहुतेक प्रकाश वाया जातो.

यावर दोन उपाय योजतात : (१) मार्गदर्शकाचे टोक रुंद न करता उलट सु. ०·१ मायक्रोमीटरपर्यंत निमुळते करतात. इतक्या अरुंद गाभ्यात प्रकाश कोंडून राहत नाही. तो भोवतालच्या सिलिकात पसरतो आणि त्याचे क्षेत्र तंतूतील क्षेत्राशी पुष्कळसे जुळते. (२) चिपच्या पृष्ठावर विवर्तन जालक कोरून, लंबाशी सु. १०° कोनात धरलेल्या तंतूतील प्रकाश वरून आत वळवितात. यात तरंगलांबीचा पल्ला अरुंद असतो. परंतु सिलिकॉनची चकती कापण्यापूर्वीच तिच्यावरील मंडलांची चाचणी घेता येते.